घराची वही

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्या मराठीत जुनी म्हण आहे. ही दोन कामे अंगावर घेतल्याशिवाय त्यांतला खर्च आणि कटकट कळत नाही, असा तिचा अर्थ. दिमोनातल्या एका बेने इस्राएल कुटुंबाला लग्नाचा अनुभव होता, घराचा नव्हता. गावाच्या कडेला 'बने बेतखा', म्हणजे 'आपले घर आपण बांधा', अशा पद्धतीच्या नव्या वस्तीत त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकेक घर उभे राहू लागले. अडचण एवढीच होती, की घरे पाच झाली आणि जमीन एकच होती.

कुटुंबात मुलगा, सून, सोळा वर्षांची नात, दहा वर्षांचा नातू आणि आबा. सुनेचे आईवडील मोरोक्कोहून आलेले. हिब्रूत वडिलांना आबा म्हणतात आणि कोकणातही म्हणतात, त्यामुळे सासऱ्यांना हाक काय मारावी हा प्रश्न तिला कधी पडला नाही. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अलिबागजवळच्या खेड्यातून मुंबईला आणि मुंबईहून १९६९ साली इस्राएलला आलेले. सारी नोकरी सूतगिरणीत झाली. राहायला तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. बायको जाऊन चार वर्षे झाली आणि गुडघे तेव्हापासूनच कुरकुरू लागले. त्यांचा फ्लॅट विकायचा, ते पैसे नव्या घरात घालायचे आणि आबांनी मुलाकडे राहायला यायचे, असे ठरले होते. आबा म्हणाले होते, "विका." पण वकिलाने दिलेला कागद तीन महिने त्यांच्या टेबलाच्या खणात चष्म्याच्या डबीखाली पडून होता. सही झालेली नव्हती. मुलगा विचारायला संकोचत होता आणि आबा आपणहून बोलत नव्हते.

इकडे कल्पनांचा ढीग वाढत होता. सुनेने मासिकांतली पाने कापून एका जाड फाइलमध्ये लावली होती. त्यात बहुतेक स्वयंपाकघरे होती आणि प्रत्येकाच्या मधोमध एक मोठा ओटा होता. नातीच्या फोनमध्ये दोनशेच्या वर फोटो होते. त्यांतल्या निम्म्या घरांना समुद्र दिसत होता, आणि दिमोनात समुद्र कुठून आणायचा हे तिलाही माहीत नव्हते. नातवाने एका कागदावर घर काढले होते, त्यात कुत्र्याला स्वतंत्र खोली होती. घरात कुत्रा नव्हता. मुलगा हिशेबी. त्याने संगणकावर तक्ता केला होता आणि सगळ्यांच्या मागण्यांची बेरीज करून पाहिली होती. ती १८० चौरस मीटर आली. हातातल्या पैशांत १४० बसत होते. आबांना विचारले, की ते म्हणत, "तुम्ही ठरवा. मला काय, एक खाट पुरे."

एका शुक्रवारी दुपारी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. मुलाने खोल्यांची नावे लिहिलेली पाकिटे केली: बैठकीची खोली, स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या, न्हाणीघर, अंगण. ज्याचा कागद त्याने योग्य पाकिटात टाकायचा. अर्ध्या तासात स्वयंपाकघराचे पाकीट फुगून फाटायला आले आणि भांडण सुरू झाले. सुनेला मधला ओटा हवा होता, नातीला तिथेच उंच स्टुलांवर बसून अभ्यास करायचा होता आणि मुलाला तीच जागा वाचवायची होती. पाकिटे करून वाद मिटला नाही. फक्त सगळा वाद एका जागी गोळा झाला.

याच सुमारास नातीला मराठीच्या वर्गात गृहपाठ मिळाला. जुन्या घरातल्या दहा जागांची किंवा वस्तूंची नावे वडीलधाऱ्यांकडून समजून घ्या आणि देवनागरीत लिहून आणा. ती आबांच्या फ्लॅटवर गेली. आबांनी प्रश्न ऐकला, उठले आणि खणातून शंभर पानी वही काढून तिच्यासमोर ठेवली. वहीत पहिल्या दोन पानांवर शब्दच शब्द होते, एकाखाली एक. अक्षर सुरेख, शाळेत गिरवलेले. नात अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. ओटी. कोनाडा. माळा. न्हाणी. परस. पुढे एक शब्द खोडलेला होता: उंबरठा.

"हे कधी लिहिलंस, आजोबा?" हिब्रूत मोठ्यांना वेगळे 'तुम्ही' नाही, त्यामुळे पोरगी मराठीतही आजोबांना 'तू' म्हणते. आबांनी ते कधी मनाला लावून घेतले नाही.

"जमीन घेतलीत त्या आठवड्यात."

तिने वही घरी नेली आणि बापाला दाखवली. त्याने यादी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी आबा जेवायला आले तेव्हा तो शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाला, "आबा, कोकणातलं घर इथे कसं बांधणार? तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस. इथे दोनशेसुद्धा नाही. उतरती कौलं, परस, विहीर, हे इथे काय कामाचं?"

"मी कुठे म्हटलं बांधा," आबा म्हणाले. "पोरीचा गृहपाठ होता." त्यांनी वही उचलली आणि खुर्चीच्या पाठीशी ठेवली. त्यानंतर जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

गृहपाठ मात्र पुरा व्हायचा होता. शब्दकोशात नातीला ओटी म्हणजे घरापुढचा ओसरीसारखा भाग असे सापडले, पण त्याने तिचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी, शब्बाथच्या दुपारी, ती चालत आबांकडे गेली. शब्बाथला लिहायचे नाही, म्हणून नुसते विचारत बसली. "ओटी कशी होती हे नको सांगूस. तिथे तुम्ही काय करत होता?"

आता आबांना बोलायला जागा मिळाली. त्यांच्या आजोबांच्या वेळी घरी तेलाचा घाणा होता. कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. पण शनिवारी तेल मिळणार नाही हे ठाऊक असूनही गावातली माणसे ओटीवर येऊन बसत, असे आबांनी लहानपणी ऐकलेले. ओटीवर बसणाऱ्याला "या" म्हणावे लागत नाही, त्याला "जा" म्हणावे लागत नाही, आणि घरातल्या बायांचे काम त्याच्यामुळे अडत नाही. चहा आला तर घ्यावा, नाही आला तर पाणी प्यावे आणि निघावे.

"आणि इथे ओटी कुठे आहे?"

आबांनी खिडकीतून खाली बोट दाखवले. इमारतीच्या दारापाशी सिमेंटचे बाक होते. दर शब्बाथला मिनहाच्या आधी तिथे चार-पाच म्हातारे जमतात. कोणी रेवदंड्याकडचा, कोणी पेणचा, एक मुंबईत वाढलेला. मराठीत बोलतात, कुणाच्या पायाला काय झाले ते विचारतात, मग एकत्र सिनेगॉगला जातात. नवी वस्ती तिथून चालत पंचवीस मिनिटांवर. आबांनी मित्रांना विचारून पाहिले होते. ते म्हणाले, "येऊ की. पण बसायचं कुठे? सुनेच्या सोफ्यावर?"

सहीचा कागद खणात का पडून होता, ते नातीच्या आता ध्यानात आले. तिने घरी येऊन हे कोणाला सांगितले नाही. शब्बाथ सुटल्यावर तिने कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला आणि खोल्यांची पाकिटे बाजूला सारून प्रत्येक कागदावर मराठीत एकेक क्रियापद लिहिले, खाली हिब्रूत अर्थ. येणे. बसणे. रांधणे. जेवणे. निजणे. न्हाणे. ठेवणे. सायरन वाजला तर धावणे. मग तिने सगळ्यांना बसवून प्रत्येक कागदाला तीच चार विचारणी केली: हे कोण करतो, केव्हा करतो, एका वेळी किती जण, आणि आत्ताच्या घरात हे करताना काय नडते?

आठवडाभर हे चालले. आधी गंमत वाटली, मग उपयोग कळू लागला. 'रांधणे' या कागदावर सुनेने लिहिले, की शुक्रवारी दुपारी एकाच वेळी तिघे जण स्वयंपाकघरात असतात, मांस आणि दूध यांची भांडी वेगळी ठेवावी लागतात, म्हणून दोन सिंक हवीत, आणि शब्बाथची तापती पाटी भिंतीला लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवायला स्वतंत्र प्लग हवा. तिला मधला ओटा का हवा होता? कारण जुन्या स्वयंपाकघरात तिची पाठ सतत घराकडे असते आणि बोलणारा दिसत नाही. हे लिहून झाल्यावर तिचे तिलाच उमगले, की ओट्याला तोंड घराकडे असले तर तो मधोमध असण्याची गरज नाही.

'ठेवणे' या कागदावर आबांचा माळा आला. वर्षातून एकदा निघणारी पेसाहची भांडी कोकणात माळ्यावर असत. सून हसली. इस्राएलच्या जुन्या फ्लॅटांत छताखाली जे साठवणीचे खण असतात त्यांना बॉयदेम म्हणतात, आणि तिच्या आईची पेसाहची भांडी तिथेच असत. माळा आणि बॉयदेम एकच निघाले. कोनाड्याचेही तसेच. शब्बाथचा दिवा वाऱ्यापासून, पडद्यांपासून आणि लहान मुलांपासून लांब असावा, एवढेच त्याचे काम. नव्या भिंतीत असा खळगा ठेवायला आधी सांगितले तर खर्च नाहीच म्हटले तरी चालेल. मागाहून सांगितले तर भिंत फोडावी लागते.

'येणे' या कागदाची गंमत वेगळी. घरात एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा झाला, की पंचवीस-तीस माणसे येतात. मुलाने हिशेब केला, की वर्षातून दोनदा होणाऱ्या गोष्टीसाठी मोठी खोली बांधणे परवडत नाही. म्हणून नोंद झाली: बैठकीच्या खोलीतून अंगणात उघडणारे रुंद दार, म्हणजे त्या दिवशी दोन्ही मिळून एक जागा होईल. सुक्कोथसाठीही तीच बाजू. पण सुक्का उघड्या आकाशाखाली असावी लागते, वर गच्ची किंवा पक्के छप्पर आले तर ती चालत नाही. म्हणून अंगणाच्या त्या कोपऱ्यावर काहीही बांधायचे नाही, असे लाल शाईने लिहिले. बैठकीच्या दारासमोर भिंतीचा हातभर लांब-रुंद तुकडा गिलाव्याविना ठेवायचा, तेही त्याच शाईने. बेत हामिकदाशच्या विनाशाची आठवण म्हणून ही रीत आहे. काय करायचे नाही, याचीही जागा आधीच राखावी लागते.

न्हाणीच्या नोंदीत बसून अंघोळ करता येईल असे आसन आणि धरायला दांडा आला. आबांनी उंबरठा का खोडला होता तेही कळले. पाय अडखळतो म्हणून. परसाच्या जागी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कढीपत्त्याची आणि गवती चहाची कुंडी आली. कौले आणि विहीर तर आबांच्या यादीत नव्हतीच. ती मुलाने आपल्या मनाने वाचली होती. त्याने हे कबूल केले आणि आबांनी नुसती मान हलवली.

मग खूण करायचे काम. ज्यावाचून चालणार नाही त्याला एक रेघ, असावे असे वाटते त्याला दोन, असले तर मजा त्याला तीन. अट एकच होती. दुसऱ्याच्या मागणीवर खूण करायची नाही, आपल्याच मागणीवर करायची. नातवाने कुत्र्याच्या खोलीला एक रेघ मारली. बहिणीने नुसते पाहिल्यावर दोन केल्या. सुनेने कपड्यांच्या वेगळ्या खोलीला तीन रेघा मारल्या. मुलाने आपल्या कामाच्या खोलीला बराच विचार करून दोन मारल्या. समुद्राला नातीने तीन रेघा मारून टाकल्या. आबांच्या ओटीला एक रेघ होती. त्यांनी ती कोणाला न विचारता मारली होती.

'सायरन वाजला तर धावणे' हा कागद सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड निघाला. १९९१च्या आखाती युद्धानंतर इस्राएलात नव्या प्रत्येक घरात ममाद, म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंतींची संरक्षण-खोली, बांधणे कायद्याने सक्तीचे झाले. तिचे क्षेत्रफळ किमान ९ चौरस मीटर, दार जड, खिडकीला पोलादी झडप. रात्री सायरन वाजला तर मुले धावतील, आबा धावू शकणार नाहीत. म्हणून आबांची निजायची खोली हीच ममाद असावी, असे मुलाचे म्हणणे होते. पण आबांना आपल्या खोलीतून सरळ ओटीवर जायचे होते, आणि ममादला बाहेर उघडणारे दार काढता येत नाही. इथे कोणाची चूक नव्हती. दोन्ही गोष्टींना एकेक रेघ होती.

हा प्रश्न कागदावर सुटेना, तेव्हा सगळे जमिनीवर गेले. सोबत टेप, चुना आणि प्लास्टिकची खुर्ची. आबांनी ती खुर्ची घेतली आणि दुपारी चार वाजता जमिनीच्या एका टोकाला बसले. दहा मिनिटांत ऊन असह्य झाले. पश्चिमेची बाजू ओटीला निरुपयोगी. रस्ता पूर्वेला होता. घर उभे राहिले, की संध्याकाळी त्याची सावली पूर्वेलाच पडणार, आणि वायव्येचा वारा उत्तरेच्या कोपऱ्याला वळसा घालून तिथे पोचणार. आबा खुर्ची घेऊन ईशान्य कोपऱ्यात जाऊन बसले. मुलाने त्यांच्याभोवती चुन्याची रेघ ओढली. मग तिथूनच मोजत मोजत घराचे मुख्य दार आणि त्याला लागून आबांची खोली आखली. खोलीच्या दारापासून घराच्या दारापर्यंत चार पावले. आबांनी ती चालून पाहिली आणि म्हणाले, "चार पावलांना माझी हरकत नाही."

आर्किटेक्टबाईंकडे जाताना त्यांनी फाइल नेली नाही, फोटो दाखवले नाहीत. क्रियापदांची आठ पाने आणि रेघांची यादी नेली. बाईंनी ती नीट वाचली आणि नंतर पुष्कळ प्रश्न विचारले. यादीत नसलेल्या दोन गोष्टी त्यांनी सुचवल्या. ममादची पोलादी झडप बाहेर उघडेल, म्हणून बाक खिडकीखाली न ठेवता बाजूला ठेवावे, आणि त्या खोलीच्या दाराला खाली उंचवटा नसलेली चौकट आताच मागून ठेवावी. एक गोष्ट आबांनी सुचवली. म्हातारी माणसे बसणार, तर पाहुण्यांचा संडास दारापाशीच हवा. घरातून आत आत जावे लागले, तर ती माणसे दुसऱ्यांदा येणार नाहीत. बाईंनी ते लगेच लिहून घेतले.

शेवटी आराखडा १४२ चौरस मीटरचा झाला. कपड्यांची खोली गेली, मुलाची कामाची खोली जिन्याखालच्या टेबलावर आली, नातीचा अभ्यास भिंतीकडच्या ओट्यावर आला. प्रत्येकाचे काहीतरी गेले, पण कोणते आणि कशासाठी, हे प्रत्येकाला माहीत होते. कागदावर भिंत हलवायला रबर पुरते. तीच भिंत काँक्रीटमध्ये हलवायला किती लागते, ते मुलाने तक्त्यात सगळ्यांना दाखवून ठेवले होते.

गच्चीच्या कठड्याबद्दल कोणी वाद घातला नाही. देवारीमच्या २२व्या अध्यायात नव्या घराबद्दल जी आज्ञा आहे ती कठड्याची आहे. कोणी वरून पडू नये, म्हणून. घर केवढे असावे, कसे दिसावे, याबद्दल तिथे काही नाही. तिथे राहणाऱ्या आणि येणाऱ्या माणसाचे काय होईल, एवढेच आहे. आबांनी ते शब्बाथच्या जेवणावर सांगितले, आणि त्यावर नातवाने विचारले, की कुत्रा पडू नये एवढा तो उंच असेल ना.

बांधकामाचा परवाना अजून यायचा आहे. जमिनीवर चुन्याची रेघ वाऱ्याने पुसट झाली आहे, पण प्लास्टिकची खुर्ची आबांनी परत आणू दिली नाही. गेल्या शब्बाथला ते नातीचा हात धरून तिथपर्यंत चालत गेले. त्यांच्यामागून दोन मित्र आले, धापा टाकत. बसायला खुर्ची एकच होती. तिघांनी ती आळीपाळीने वापरली आणि नात दगडावर बसून मराठी ऐकत राहिली.

वकिलाचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतःच मुलाच्या हातात दिला. सही खाली मराठीत होती. वकिलाने हिब्रूत हवी म्हणून परत पाठवला, तेव्हा आबांनी शेजारी हिब्रूतही केली आणि मराठी तशीच राहू दिली.